हुंकारा : इंग्रजी गप्पांच्या प्रकल्पाची वही

8 जानेवारी 2025, बुधवार

सांगलीच्या गावभागातली वरची खोली आजपासून सुरू. खाली आमचं झेरॉक्सचं दुकान. वर इतकी वर्षं रद्दी आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे होते. ते हलवले, सतरंजी टाकली, खुर्च्या शेजारून मागून आणल्या. बुधवार आणि शनिवार, रात्री आठ ते सव्वानऊ. फी नाही. चहा माझा, भडंग आळीपाळीनं.

वहीत नावं नकोत असं सगळ्यांनी ठरवलं, म्हणून हुद्देच लिहिते. कंडक्टरकाका एसटीतून निवृत्त, मुलगा-सून कॅलिफोर्नियात, सात वर्षांच्या नातीला मराठी कळतं पण बोलता येत नाही. हळदवाल्याच्या वडिलांचं मार्केट यार्डात अडत दुकान. बाहेरच्या राज्यातल्या खरेदीदारांचे फोन आता त्याच्याकडं आलेत. थोरली सिस्टर आणि धाकटी सिस्टर मिरजेला एकाच दवाखान्यात नर्स. थोरलीला ओईटी (दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा) द्यायची आहे, धाकटीला आयईएलटीएस (इंग्रजीची सर्वसाधारण परीक्षा). पाचवा जीडीवाला: इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, ग्रुप डिस्कशनमध्ये दोनदा गळाला.

व्याकरण सगळ्यांचं झालेलं आहे. काळ पाठ आहेत, पॅसिव्ह व्हॉइस करून दाखवतात. अडतं ते दुसऱ्या वाक्यापाशी. काकांनी त्यांची अडचण सांगितली, "नात व्हिडिओवर 'हाय आजोबा' म्हणती. म्या म्हंतो, 'हाय की!' संपलं. मग ती आईकडं बघती, मी बायकोकडं बघतो." सगळे हसले. काका हसले नाहीत.

माझंही सांगून टाकते. एम.ए. इंग्रजी, पहिला वर्ग. पंधराएक वर्षांपूर्वी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक परदेशी पाहुणा तंबोरा बघायला आला होता, दुभाषी म्हणून मला नेलं. त्यानं विचारलं, "हॅव यू ऑल्वेज लिव्हड हिअर?" मी म्हटलं, "येस सर." तो थांबला. मी थांबले. तारा जुळवणारे म्हातारबुवा आळीपाळीनं आमच्या तोंडाकडं बघत राहिले. एवढी पुस्तकं वाचून माझ्याकडं त्या माणसाला द्यायला दोन शब्द होते.

आजचा पहिला प्रयोग: दोघांची जोडी, विषय छंद. धाकटी सिस्टर आणि हळदवाला. मोबाइलवर घड्याळ लावलं. पाऊण मिनिटात दोघंही गप्प. "व्हॉट इज युवर हॉबी?" "माय हॉबी इज क्रिकेट." "ओके. व्हॉट इज युवर हॉबी?" "माय हॉबी इज रीडिंग." चौकीत जबाब नोंदवल्यासारखं.

11 जानेवारी, शनिवार

घरी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. प्रत्येक उत्तराच्या शेवटी पूर्णविराम आहे, अगदी ऐकू येतो. आपल्याकडं इंग्रजी बोलायचं म्हणजे तोंडी परीक्षा द्यायची. उत्तर बरोबर आलं की विद्यार्थ्याचं काम संपलं, पुढचा प्रश्न सरांनी विचारायचा. इथं सर कुणीच नाही, म्हणून दोघंही पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसतात.

म्हणून आज तोच विषय, तीच जोडी, पण मराठीत. बाकीच्यांना सांगितलं, काही सुधारू नका, नुसतं ऐका. सहा मिनिटं झाली तरी थांबेनात, शेवटी मीच थांबवलं. छंदावरून क्रिकेट, क्रिकेटवरून कुपवाडचं मैदान, मैदानावरून तिथं राहणारी हिची मावशी, आणि मावशी याच्या आत्याच्या शेजारची निघाली. सांगलीत दोन माणसं सहा मिनिटं बोलली की पाहुणे निघतातच.

हेही रेकॉर्ड केलंय. उद्या दुकान बंद झालं की दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ऐकणार.

15 जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली, त्यामुळं आज भडंगाऐवजी तिळगूळ.

रविवारी दोन्ही रेकॉर्डिंगं ऐकताना एक गोष्ट लक्षात आली ती इथं नीट लिहून ठेवते, कारण बाकीचा प्रकल्प त्यावरच उभा राहणार असं दिसतं. मराठीत हळदवाला बोलत असताना धाकटी गप्प नव्हतीच. "हं." "हो का?" "अय्या." "मग?" "काय सांगता!" "म्हणजे त्या टाकीच्या मागं?" "बरं बरं." तो बोलत होता, पण गाडी ती ढकलत होती. इंग्रजीत यातलं काही म्हणजे काही नाही. तो बोलला, ती शांत. त्याला वाटलं आपलं चुकलं. तोही शांत.

आजी गोष्ट सांगायची तेव्हा अट घालायची: हुंकारा द्यायचा. आम्ही पोरं "हं… हं…" करायचो. हुंकारा थांबला की आजी थांबायची. आम्हाला वाटायचं, पोरं झोपली का ते कळावं म्हणून असेल. त्यासाठी तर होताच, पण आता वाटतं की आजीला स्वतःलाही तो लागायचा. पोवाड्यात शाहिराच्या मागं झीलकरी उभे असतात. "जी जी र जी" ला अर्थ काय? काही नाही. पण ते काढून टाका आणि शाहिराला एकटा उभा करा, तिसऱ्या चौकात दम जाईल.

भाषाशास्त्रात याला बॅक चॅनल म्हणतात. व्हिक्टर इंग्वी या अमेरिकन अभ्यासकानं 1970 मध्ये हे नाव दिलं. मला हुंकारा हा शब्द जास्त आवडतो.

आज सगळ्यांना इंग्रजी हुंकारे दिले. "म्हम." "ओह?" "रिअली?" "ओह नो." "नो वे!" "अँड देन?" "हाऊ कम?" शिवाय समोरच्याचाच शेवटचा शब्द उचलून प्रश्नासारखा परत द्यायचा. तो म्हणाला "आय वेंट टु तासगाव", आपण म्हणायचं "तासगाव?" त्याला पुढं बोलावंच लागतं. याला व्याकरण लागत नाही, शब्दसंग्रह लागत नाही. तरीही आतापर्यंतच्या एकाही क्लासात कुणी हे शिकवलेलं नाही.

आमच्याकडं "येस येस येस" अशी माळ लावायची सवय आहे. तो हुंकारा नव्हे. ऐकणाऱ्याला ते "कळलं, आवरा आता" असं वाटतं. मराठीत एखादा "हो हो हो हो" करायला लागला की आपल्यालाही तसंच वाटतं ना.

22 जानेवारी, बुधवार

हुंकाऱ्याचा अतिरेक झाला. हळदवाल्यानं दर वाक्याला "रिअली?" लावलं. थोरलीनं सांगितलं, "माय मदर इज इन हॉस्पिटल." हा म्हणाला, "वाव!"

पाच मिनिटं कुणाला बोलता येईना, थोरली स्वतः सगळ्यात जास्त हसली (आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, चांगलं झालं). नंतर सूर घेऊन बसलो. "ओह" हा एकच शब्द चार तऱ्हांनी: आश्चर्य, दुःख, आत्ता कळलं, आणि नाइलाज. काका यात सगळ्यांत पुढं. तीस-पस्तीस वर्षं गर्दीतल्या प्रवाशांना नुसत्या "अहो" वर आत सरकवलेला माणूस, सुराचं त्यांना काय शिकवायचं.

25 जानेवारी, शनिवार

आजची चूक माझी, म्हणून सविस्तर.

हळदवाला रंगात येऊन सांगत होता, "माय फादर गो मार्केट यार्ड डेली, मॉर्निंग सिक्स ओ क्लॉक, अँड ही…" मी मध्येच म्हटलं, "गोज." तो म्हणाला, "गोज." मग म्हणाला, "ही… गोज…" आणि वडील पहाटे सहा वाजता यार्डात जाऊन काय करतात ते आम्हाला कळलंच नाही. पुढचा पाऊण तास तो फक्त "येस मॅडम" म्हणाला.

मी शिक्षिका नाही, पण लाल पेन माझ्या डोक्यातच बसवलेलं आहे. शाळेत आमच्या बाई असंच करायच्या, आणि त्यांना वाटायचं त्या आमच्यावर उपकार करताहेत. मलाही आज तसंच वाटत होतं.

यावर तोडगा सापडला तो हुंकाऱ्यातच. तो म्हणाला "माय फादर गो डेली", तर मी म्हणायचं, "ओह, ही गोज डेली? अ‍ॅट सिक्स?" बरोबर रूप त्याच्या कानावर पडलं, आणि वडील अजून यार्डाच्या वाटेवरच आहेत. त्यानं "गोज" उचललं तर ठीक, नाही उचललं तरी वडील पोचणं महत्त्वाचं. बाकी चुका मी कागदावर टिपेन आणि शेवटची दहा मिनिटं तेवढ्यावर घेऊ.

1 फेब्रुवारी, शनिवार

जीडीवाला आज बोलता झाला, म्हणजे इतका की दुसऱ्या कुणाला जागाच मिळेना. त्याचा सिद्धांत असा की ग्रुप डिस्कशनमध्ये जो जास्त बोलतो तो निवडला जातो. मग दोनदा का गळालास, असं थोरलीनं विचारलं. उत्तर आलं नाही.

उलट बाजू काकांची. त्यांना बोलायचं असतं, पण वाक्य जुळेपर्यंत विषय पुढच्या थांब्यावर गेलेला असतो. 2009 मध्ये दहा भाषांमधल्या गप्पा मोजून पाहिलेल्या आहेत. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा भागच जातो. मराठीत वाक्य बांधायचं, त्याचं इंग्रजी करायचं, क्रियापद तपासायचं आणि मग तोंड उघडायचं, एवढं त्यात बसत नाही. "इंग्रजीतच विचार करा" हा सल्ला सगळे देतात. मला तो चिडवल्यासारखा वाटतो. पोहायला न येणाऱ्याला काठावरून "तरंगा" म्हणून ओरडावं तसा.

त्याऐवजी जागा धरायची. "वेल…", "लेट मी थिंक…", "दॅट्स अ गुड क्वेश्चन…" एवढं लगेच बोलायचं आणि मागून वाक्य जुळवायचं. काकांनी क्षणात ओळखलं: "म्हंजे खिडकीतनं रुमाल टाकायचा!" बरोबर. गाडी फलाटाला लागायच्या आधी रुमाल आत, माणूस मागनं सावकाश. आता आमच्याकडं "रुमाल टाका" ही अधिकृत सूचना झाली आहे.

5 फेब्रुवारी, बुधवार

नवी हळद यायला लागली आहे, हळदवाला अंगाला पिवळा वास घेऊनच येतो. आज मात्र तोंड पडलेलं. खरेदीदारानं फोनवर विचारलं, "सो यू डोन्ट हॅव ओल्ड स्टॉक?" जुना माल खरंच नव्हता. हा म्हणाला, "येस." समोरच्यानं जुना माल आहे असं धरून भाव पाडून मागितला, यानं त्याला लबाड ठरवलं, वडिलांनी याला.

दोष त्याचा नाही, "हो"चा आहे. मराठीत "जुना माल नाही ना?" याला "हो, नाही" असं उत्तर येतं. आपला "हो" म्हणजे तुमचं बरोबर आहे. इंग्रजीतला "येस" विचारणाऱ्याकडं बघतच नाही, तो मालाकडं बघतो: माल आहे तर येस, नाही तर नो, प्रश्न कसाही विचारा. म्हणून "नो, वी डोन्ट."

खोलीचा नियम: नुसत्या येस-नो वर थांबायचं नाही, शेपूट जोडायचंच. "नो, वी डोन्ट. ओन्ली न्यू स्टॉक." आणि जमलं तर वर एक प्रश्न: "हाऊ मच डू यू नीड?" शेपूट असलं की "येस" चुकला तरी माल वाचतो.

यानंतर उगाच वीस मिनिटं आम्ही एकमेकांना नकारार्थी प्रश्न विचारत बसलो. "यू डोन्ट वॉन्ट टी?" "येस." "मग देऊ नको." काकांचा चहा दोनदा गेला.

12 फेब्रुवारी, बुधवार

चार-तीन-दोन करून पाहिलं. पॉल नेशन या न्यूझीलंडच्या भाषाशिक्षकाच्या लिखाणामुळं ही पद्धत बरीच माहीत झाली. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या माणसांना सांगायची, पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. ऐकणारा नवा, त्यामुळं सांगणाऱ्याला पुन्हा सांगायची लाज वाटत नाही. वेळ कमी, त्यामुळं अडखळायला फुरसत नाही. धाकटीला याचा सरळ उपयोग आहे, आयईएलटीएसच्या दुसऱ्या भागात एक मिनिट तयारी करून एक ते दोन मिनिटं एकटीनं बोलावं लागतं.

काकांचं मत: "रोज त्याच रूटला गाडी नेली की खड्डे पाठ होत्यात." तिसऱ्या फेरीला त्यांची गोष्ट खरंच सुसाट सुटली. आणखी एक गंमत कळली. काकांना आपल्याला इंग्रजी येत नाही असं वाटतं, पण त्यांच्या गोष्टीत डेपो, ड्युटी, ट्रे, वेबिल, ब्रेकडाउन, हाफ तिकीट, नाइट आउट, डबल बेल सगळं होतं. निम्मी गोष्ट आधीच इंग्रजीत.

19 फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. मिरवणुकीचा आवाज खोलीच्या भिंतीतून येत होता. सुट्टी.

22 फेब्रुवारी, शनिवार

आज विषय मी दिलाच नाही. धाकटी उशिरा आली, पुलावर गर्दी होती म्हणाली. काकांनी सहज इंग्रजीत विचारलं, "विच ब्रिज? आयर्विन?" आणि आयर्विन म्हटल्यावर सांगलीकर दुसऱ्या कशावर बोलणार?

2019 चा ऑगस्ट. त्या पुलाशी पंचेचाळीस फुटांवर धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धाकटी सांगलवाडीची. "वॉटर केम इन नाइट," ती म्हणाली. "ग्राउंड फ्लोअर फुल. माय ग्रँडमदर से, आय नॉट कम. शी सिट ऑन द कॉट." "अँड देन?" काका म्हणाले. "देन वॉटर केम टू कॉट." "ओह नो." "देन शी से, ओके, नाऊ आय कम." जीडीवाल्यानं विचारलं, "हाऊ? बोट?" "नो बोट. माय अंकल, ऑन शोल्डर." "ऑन शोल्डर?" "येस. अँड शी टेक द तुळस. इन हँड. कुंडी अल्सो."

क्रियापदं सगळी मोडकी होती. मी एकही टिपलं नाही. कागद समोर होता, पेन हातात होतं, विसरले.

मग थोरलीची पाळी: घरी जायला रस्ता नव्हता, तीन दिवस दवाखान्यातच, कपडे वाळवायला ऑटोक्लेव्हच्या खोलीत. ऑटोक्लेव्ह म्हणजे काय, ते तिनं हळदवाल्याला इंग्रजीत समजावलं: "प्रेशर कुकर फॉर सिझर्स." काका शेवटची गाडी घेऊन निघाले होते आणि ती अर्ध्या वाटेतून परत फिरवावी लागली. गाडीतल्या एका आजोबांचा हट्ट, मला तिकिटाचे पैसे परत द्या. "अँड यू गेव्ह?" "आय गेव्ह. फ्रॉम माय पॉकेट!" "नो वे!"

सव्वानऊ कधी वाजून गेले कळलं नाही. पावणेदहाला घरून फोन आला. छंदावर पाऊण मिनिट आणि महापुरावर दीड तास. "माय हॉबी", "माय फेवरिट फेस्टिव्हल" हे विषय आजपासून बंद. ज्याचं उत्तर ऐकायची कुणालाच उत्सुकता नाही त्यावर हुंकारा कसा निघणार? तो आतून यावा लागतो.

27 फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. खालच्या दुकानात दिवसभर बॅनरच्या प्रिंटा. एक ओळखीचे गृहस्थ वर खोलीकडं बघून म्हणाले, "आज तरी इंग्रजी बंद ठेवा." गुरुवार असल्यामुळं बंदच होतं. पण त्यांना सांगावंसं वाटलं की गेल्या दोन महिन्यांत मी मराठी जितकं कान देऊन ऐकलंय तितकं आधी कधीच ऐकलं नव्हतं. "मग" हा शब्द आपण किती कामाला जुंपतो, याचा कुणी हिशेब मांडायला हवा.

5 मार्च, बुधवार

शब्द नसला तर काय करायचं? हळदवाल्याला पेव सांगायचं होतं. खरेदीदार म्हणे विचारत होता, सांगलीत हळद पूर्वी कशी साठवायचे. पेवाला इंग्रजी शब्द शोधायचा नाही, अशी अट घातली. बाकीच्यांनी पेव पाहिलंच नाही असं समजून ऐकायचं.

तो म्हणाला, "इन हरिपूर, निअर रिव्हर. हाऊस… नो. नॉट हाऊस. अंडर द ग्राउंड. लाइक पॉट. माउथ स्मॉल, स्टमक बिग." जीडीवाला: "हाऊ बिग?" "मॅन कॅन स्टँड इनसाइड." मग आत पेंढा कसा लावतात, हळद भरून तोंड मातीनं कसं लिंपतात, वर्षानुवर्षं कीड कशी लागत नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. "व्हाय?" "नो एअर. मॅन डाइज. फर्स्ट लँप गो डाउन. लँप ऑफ, मॅन नॉट गो." इथं खोलीत कुणी हललंसुद्धा नाही. शेवटी आजोबांच्या पेवात 2005 च्या पुरात पाणी शिरलं ते सांगितलं आणि म्हणाला, "आफ्टर दॅट, गोडाऊन."

एक शब्द माहीत नसल्यामुळं पंधरा वाक्यं झाली. माहीत असता तर एकच झालं असतं. हळकुंडाला व्यापारात फिंगर आणि गड्ड्याला बल्ब म्हणतात, हे उलट त्यानंच मला शिकवलं.

न कळल्याचा हुंकाराही लागतो. आपण "हं?" म्हणतो तसा आवाज जगभरच्या असंबंधित भाषांत सापडतो, असं नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी 2013 मध्ये दाखवलं. आपले लोक इंग्रजीत मात्र न कळताही मान हलवतात. "सॉरी?" म्हणायची लाज वाटते. काकांनी यावर "डबल बेल" असा शब्द काढला: कळलं तर डबल बेल, गाडी पुढं. नाही कळलं तर एकच बेल, थांबवा. बिनधास्त थांबवा.

12 मार्च, बुधवार

जीडीवाल्याला शिक्षा: आज फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही समोरच्यानं आत्ता जे सांगितलं त्यातलेच. सुरुवातीला घुसमटला. नंतर धाकटीला म्हणाला, "यू सेड ग्रँडमदर टुक द तुळस. इज इट स्टिल देअर?" तीन आठवड्यांपूर्वीची तुळस! ती आहे, कुंडी नवी आहे. धाकटीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

गप्पा संपवायच्या कशा हेही बघितलं. आपण "चला" म्हणतो, इंग्रजीत "एनीवे". थोडक्यात आवरलं, उद्या होळी.

16 मार्च, रविवार

काकांनी घरी बोलावलं, नातीचा कॉल सकाळी नऊला असतो. मी कॅमेऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसले. काकांनी तयारी केली होती, तळहातावर पेनानं "देन?", "हू?", "रुमाल". पोरगी आली ती जांभया देत. "हाय आजोबा." "हाय! व्हॉट यू डिड टुडे?" "नथिंग." काका: "नथिंग?" "आय एम टायर्ड." सून मागून म्हणाली, हिची झोपायची वेळ झाली.

काकांना वाटलं त्यांचंच चुकलं. खरं कारण घड्याळ होतं. गेल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास पुढं गेली. आपले नऊ म्हणजे तिथं शनिवारचे साडेसात असायचे, ते आता साडेआठ झाले. पुढच्या रविवारपासून कॉल आठला.

हे मी त्यांना दोनदा समजावलं, तरी तळहात धुवायला उठले तेव्हा पाय जडच होते.

26 मार्च, बुधवार

ओईटीत दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. परीक्षार्थी नर्स, समोरचा रुग्ण. नुसतं इंग्रजी तपासत नाहीत, रुग्णाचं म्हणणं काढून घेता येतं का तेही बघतात. काकांना रुग्ण केलं. थोरली: "डू यू हॅव पेन?" "येस." "इज इट सिव्हिअर?" "येस." वॉर्डात घाईच्या वेळी असंच विचारते म्हणाली, फॉर्म भरायचा असतो.

दुसऱ्यांदा: "टेल मी अबाउट द पेन, काका." आणि गप्प बसली. काका दोन क्षण थांबले. ती तरीही गप्प. मग सुरू झाले: गुडघा, जिना, डेपोतला दगडी कट्टा, डॉक्टरनं सांगितलेलं ऑपरेशन आणि त्याची भीती. भीतीचं रोल-प्लेच्या कार्डावर काही लिहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, "यू आर अफ्रेड ऑफ द ऑपरेशन?" काका मराठीत म्हणाले, "हो ओ." रोल-प्ले तिथंच थांबला. पुढं दोघं मराठीतच बोलले, मी घड्याळ बंद केलं.

2 एप्रिल, बुधवार

पाडव्याला, म्हणजे रविवारी सकाळी आठला, कॉल झाला. मी गेले नव्हते. काकांनी सुनेकडून रेकॉर्डिंग मागवलं, आज सगळ्यांना ऐकवलं.

पोरीचा दात पडलाय. "विच टूथ?" काका विचारतात. ती दाखवते. "ओह नो! पेन?" "नो, इट जस्ट केम आउट इन द अ‍ॅपल." "इन द अ‍ॅपल?" मग सफरचंद, शाळा, दात हरवला, वर्गात सगळे खाली वाकून शोधत होते. काका: "देन?" "देन मिस सेड स्टॉप." "हू फाउंड?" "नोबडी! आय थिंक आय एट इट." "नो वे!" इथं पोरगी खदखदून हसते, काकाही. "म्हम" कुठं म्हणायचं ते त्यांचं अजून चुकतं, दोनदा तिच्या बोलण्यावर पडलं. तिला काही फरक पडलेला दिसत नाही.

शेवटी काका रुमाल टाकतात. "वेल… लेट मी थिंक… आय टेल यू वन स्टोरी. बिग रेन. माय बस. वॉटर, वॉटर, वॉटर." मग शब्द अडतो. रेकॉर्डिंगमध्ये नुसती पंख्याची घरघर ऐकू येते.

"अँड देन, आजोबा?"

काकांनी हे तीनदा लावलं. चौथ्यांदा लावायला लागले तेव्हा हळदवाला म्हणाला, काका, पुढं काय झालं ते तरी ऐकू द्या. पुढं तिकिटाचे पैसे मागणारे आजोबा आले. गोष्ट अर्धीच राहिली, सुनेला बाहेर जायचं होतं. बाकीची रविवारी.

शनिवारी सुट्टी, यार्डात मोठे सौदे आहेत. थोरलीच्या परीक्षेची तारीख यायची आहे. खुर्च्यांपैकी दोन शेजारच्यांना लग्नासाठी परत हव्यात.